वाचननोंद, फाल्गुन: ३६ पैकी २९ आणि काकूंचा प्रश्न

गेल्या पाडव्याला ३६ प्रेमकादंबऱ्यांचा संकल्प केला होता, महिन्याला तीन या हिशेबाने. फाल्गुन लागला आणि आकडा २९ वर आहे. पाडवा १९ मार्चला. तोवर फार तर तीन होतील, चार राहतील. दिवाळीपर्यंत मी हिशेबाच्या पुढे होते. मग वेग कमी झाला, कारण एकेक पुस्तक दोनदा वाचायला लागले: एकदा माझ्यासाठी, एकदा काकूंना सांगण्यासाठी.

मी साताऱ्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, हे जुन्यांना माहीत आहे. एक रुग्ण मशीनवर चार तास असतो. सुया लावताना आणि काढताना मान वर करायला फुरसत नसते. मधल्या वेळात मात्र ठरावीक वेळाने बीपी बघायचं, मशीनचे आकडे लिहायचे, कुणाच्या पायात गोळा आला तर धावायचं, एवढंच. तेव्हा माणसं छताकडे बघत पडलेली असतात. कोरेगावकडच्या एक काकू मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. नवरात्रात एकदा त्यांनी विचारलं, "डब्याच्या वेळेला त्या मोबाइलमध्ये काय वाचत असतीस गं एवढं?" म्हटलं, प्रेमाची गोष्ट. "मग आम्हाला पण सांग की." तेव्हापासून काही कादंबऱ्या सांगून झाल्या. शेजारचे दोन पलंगही आता कान देऊन असतात.

तोंडी सांगायला लागलं की चुरचुरीत संवाद, समुद्रकिनारे, कपड्यांची वर्णनं सगळं गळून पडतं. उरतं एवढंच, की ही दोघं कोण आणि त्यांचं अडलंय कुठे. 'अडलंय कुठे' आलं की काकू मान वळवतात आणि जवळजवळ दर गोष्टीला तोच प्रश्न विचारतात: "मग सांगून टाकायचं की त्याला. त्यात काय येवढं?"

हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या या प्रकाराकडून दोनच गोष्टी मागते: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे शेवट पहिल्या पानालाच ठाऊक. मग सगळी ओढ राहते ती दोघांच्या मध्ये काय उभं आहे त्याच्यात. ते एका वाक्याने कोसळणार असेल तर पुढची दोनशे पानं नुसती भर. मागच्या नोंदींमध्ये मी पुस्तकांना तारे देत होते. आता वहीत एकच रकाना आहे: सांगून टाकल्याने सुटलं असतं का?

पहिली सांगितली अ‍ॅबी हिमेनेझची 'युअर्स ट्रूली' (२०२३). ती निवडली कारण तिच्यात डायलिसिस आहे. ब्रियाना इमर्जन्सीतली डॉक्टर, नवऱ्याने फसवलेली, घटस्फोट होत आलेला. तिचा भाऊ बेनी डायलिसिसवर, किडनी मिळत नाहीये. जेकब हा नवीन आलेला डॉक्टर, चार माणसांत घशाला कोरड पडणारा. तिच्याशी समोरासमोर बोलवत नाही म्हणून तो पत्र लिहितो, कागदावर, आणि ती उत्तर देते. पुढे तो तिच्या भावाला किडनी देतो. ती त्याच्या घरच्यांसमोर त्याची मैत्रीण असल्याचं नाटक करते, कारण त्याची आधीची प्रेयसी त्याच्याच भावाशी लग्न करतेय. इथून पुढे दोघंही प्रेमात, आणि दोघांचाही समज की समोरच्याच्या मनात तसं काही नाही. तिला वाटतं हा अजून आधीचीतच अडकलाय. त्याला वाटतं ही किडनीच्या उपकारापोटी गोड वागतेय.

काकू म्हणाल्या, "किडनी देतोय, आन् आवडतीस म्हणायला घाबरतोय?"

सगळा वॉर्ड हसला. मी त्या दिवशी गप्प बसले, पण शुक्रवारपर्यंत तेच डोक्यात होतं, आणि मला वाटतं इथे काकूंचं चुकलं. आमच्याकडेच एक काका बायकोला घेऊन येतात. डायलिसिसवाल्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं. या काकांनी स्टीलच्या पेल्यावर लाल नेलपॉलिशने रेघ ओढली आहे. रेघेपर्यंत भरलं की सकाळचं पाणी झालं. डॉक्टरांनी मध्ये पाणी कमी केलं तेव्हा जुनी रेघ खरवडून बोटभर खाली नवी ओढून आणली. जुन्या रेघेचा गुलाबी डाग अजून दिसतो. त्या दोघांमध्ये "झालं का?" आणि "चला" याच्या पलीकडे शब्द मी ऐकलेला नाही. हे काकूंना सांगितलं. त्यांनी त्या पलंगाकडे पाहिलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तसं असंल तर चालंल."

तर जेकबचं न बोलणं मला पूर्ण पटतं. ब्रियानाचं नाही. ती साऱ्या जगाशी तोंडावर बोलणारी बाई, आणि इथेच तिची जीभ लुळी पडते. ती पानं लेखिकेने ताणली आहेत. तरीही ही वर्षातली माझी सगळ्यात लाडकी कादंबरी, पत्रांमुळे. आपली भीती नीट शब्दांत मांडून समोरच्याच्या हातात देणं, याच्याइतकं जवळचं दुसरं काही मी या २९ पुस्तकांत वाचलं नाही.

एक गोष्ट कामामुळे मला आधीच माहीत होती, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको अशा जवळच्या नात्यात किडनी देता येते. नात्याबाहेरच्या माणसाला द्यायची असेल तर समितीची परवानगी लागते, आणि आपुलकी किंवा जिव्हाळ्यापोटी देतोय हे तिथे दिसावं लागतं. समिती दोघांचे एकत्र जुने फोटोसुद्धा बघते. पैशाचा व्यवहार होऊ नये म्हणून हे हवंच. पण माया सिद्ध करायला एखादा अबोल जेकब त्या टेबलासमोर बसलाय, हा प्रसंग मला मराठीत वाचायचा आहे. कुणीतरी लिहा.

हिमेनेझचीच 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' (२०२२) सांगताना काकूंनी त्यांचा प्रश्न एकदाही विचारला नाही. मुलगी नामांकित सर्जन घराण्यातली, स्वतः इमर्जन्सीतली डॉक्टर. मुलगा छोट्या गावातला सुतारकाम करणारा, वयाने दहाएक वर्षांनी लहान. अडथळा घरचा आणि उघडाच. सांगून टाकण्याने सुटणारा नाही, उलट सांगितलं की जास्त पेटणारा. काकू दर वेळी एवढंच विचारायच्या, "बाप काय म्हणाला?" शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे आपल्या गावागावात चाललंय. त्यांना ती गोष्ट अमेरिकेतल्या मिनेसोटातली वाटलीच नाही.

आता एमिली हेन्रीची 'हॅपी प्लेस' (२०२३). शेवट फोडतेय, वाचायची असेल त्यांनी हा भाग सोडा. हॅरिएट आणि विन (काकूंनी त्याचा विनायक केला) यांचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं, पण मित्रांना सांगितलेलं नाही. दरवर्षीच्या सुट्टीच्या घरात, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, आठवडाभर जोडपं असल्याचं नाटक करायचं. घरही विकलं जाणार आहे. मागचे-पुढचे काळ आलटून पालटून येतात आणि त्यातून ती दोघं कशी तुटत गेली ते कळतं. हे तुटणं फार खरं लिहिलंय. भांडण नाही, कुणी तिसरं नाही. एकजण दुःखात बुडालेला, दुसरीची शिकाऊ सर्जनची ड्यूटी, फोन लहान लहान होत गेलेले. मी नाइट ड्यूटीच्या दिवसांत तशाच फोनांवर संसार केलाय. ती पानं वाचताना मला थांबावं लागलं.

आणि मग शेवटी हॅरिएट सर्जरी सोडते, मोंटानाला विनकडे जाते आणि मातीची भांडी करते. यावर मी रागावले, अजून आहे. तिने सोडलं म्हणून नव्हे. तिने ते शिक्षण आई-वडिलांसाठी निवडलं होतं, आतून कधी आवडलं नव्हतं, हे पुस्तकात पेरलेलं आहे. राग याचा की इतक्या पानांत मला तिचा एकही रुग्ण लक्षात राहिला नाही. जे सोडायचं ते वाचकाला आधी दाखवा तरी! फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की खाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली नाही तर सकाळी सात वाजता आमच्या पोटात खड्डा पडतो. असं काहीतरी, कामाचा एक तरी कण तिच्या हाताला लागू द्यायला हवा होता. मग तिने ते सोडलं असतं तर मी रडले असते. काकूंचं मत वेगळं: "पोरगीच का गेली? विनायकाला यायला काय झालं होतं?" याचं उत्तर पुस्तकात आहे, त्याची आई आजारी असते. काकूंना ते पुरलं नाही. मलाही.

त्यामानाने 'फनी स्टोरी' (२०२४) मला फार वर वाटते, आणि हे मत तुमच्यापैकी अनेकांच्या उलट आहे हे माहीत आहे. डॅफ्नीचा होणारा नवरा आपल्या बालमैत्रिणीच्या प्रेमात असल्याचं सांगून तिला सोडतो. राहायला जागा नाही म्हणून ती त्या बालमैत्रिणीच्या सोडलेल्या प्रियकराच्या, माइल्सच्या, घरात राहते. हे ऐकायला सिनेमासारखं आहे. पण पुस्तकाचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. डॅफ्नी ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम करते आणि तिच्या लक्षात येतं की या गावात आपली म्हणावी अशी एकही व्यक्ती नाही. होते ते सगळे मित्र त्याचे.

माझं माहेर मिरज. लग्न करून साताऱ्यात आले तेव्हा पहिली तीन वर्षं ओळख म्हणजे यांच्या ऑफिसातल्यांच्या बायका, यांची मावशी, यांचे शाळेतले मित्र. राजवाड्यावर कुणी हाक मारली तरी "अमक्याची मिसेस" अशीच. माइल्स दर रविवारी डॅफ्नीला गाव दाखवायला नेतो, ती इथून जाऊ नये म्हणून. मला कुणी दाखवलं नाही. मी एका रविवारी एकटीच 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापाशी चढून गेले, खाली गाव आणि मागे अजिंक्यतारा बघत बसले, आणि त्या दिवसापासून ती जागा माझी झाली. म्हणून डॅफ्नीला ग्रंथालयातली अ‍ॅशली मैत्रीण म्हणून मिळते ती पानं मी माइल्सच्या पानांपेक्षा जास्त वेळा वाचली. प्रेमकादंबरीत मैत्रीण ही नुसती सल्ला द्यायला ठेवलेली असते. इथे ती नसती तर डॅफ्नी आणि माइल्सचं जमणं मला पटलंच नसतं. ज्या बाईला त्या गावात दुसरं कुणी नाही, तिने त्याला 'निवडलं' असं कसं म्हणायचं?

अ‍ॅली हेझलवूडची 'डीप एंड' (२०२५) काकूंना सांगितली नाही, आणि का ते वाचणाऱ्यांना कळेल. ती बरीच मोकळी आहे. डायव्हिंग करणारी स्कारलेट दुखापतीनंतर एका प्रकारची उडी मारूच शकत नाही, पाय फळीवर थिजतात. तो भाग उत्तम. मोकळ्या प्रसंगांबद्दल माझी अट एवढीच, की प्रसंगाआधी आणि नंतर दोघांमध्ये काहीतरी बदललेलं असावं. इथे निम्म्या ठिकाणी बदलतं. अशा लिखाणाला आपल्याकडे बिचकतात, पण चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली होती, तिच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असं म्हटलं. मराठी वाचकाला हे नवं नाही.

मराठीचं निघालंच आहे तर. जानेवारीत ९९वं साहित्य संमेलन आपल्या साताऱ्यात भरलं. एक दिवस सुट्टी टाकून ग्रंथप्रदर्शनात फिरले. दर गाळ्यावर एकच मागणी केली: आजच्या काळातली, नोकरी करणाऱ्या माणसांची, शेवट गोड होणारी मराठी प्रेमकादंबरी द्या. ऐतिहासिक मिळाल्या, अनुवाद मिळाले, यशाची सूत्रं मिळाली. एका गाळ्यावरच्या मुलाने प्रामाणिकपणे विचार केला आणि खांडेकरांची 'अमृतवेल' काढून दिली. मला 'अमृतवेल' प्रिय आहे, कॉलेजात पाठ होती. पण तिथे प्रेम माणसाला शहाणं करून जातं, घर करून राहत नाही. आपल्या लेखकांना जोडपं सुखात ठेवणं हलकं का वाटतं? जात, पत्रिका, सातबारा, पुण्यातला फ्लॅट, एकुलत्या एक मुलीचे आई-वडील, असे सांगून टाकल्याने न सुटणारे अडथळे इथे ढिगाने पडलेत. अमेरिकेतल्या लेखिकांना ते शोधून आणावे लागतात. त्यांच्यातून वाट काढून दोन माणसं शेवटी एका घरात चहा पिताना दिसली, तर ती कादंबरी कमी दर्जाची कशी? कुणाला असं एखादं पुस्तक माहीत असेल तर नाव नक्की कळवा. मी विकत घेऊन वाचेन.

सध्या एमिली हेन्रीची 'ग्रेट बिग ब्युटिफुल लाइफ' (२०२५) ३८ टक्क्यांवर आहे. दोन लेखक, एकाच वृद्ध बाईचं चरित्र लिहायला मिळावं म्हणून चुरस, आणि ती बाई, मार्गारेट, दोघांना वेगवेगळं सांगतेय. दोघांनीही गुप्ततेच्या करारावर सही केली आहे, म्हणजे तिने काय सांगितलं ते एकमेकांना सांगता येत नाही. काकूंच्या प्रश्नाला हे कायदेशीर उत्तर झालं. मंगळवारी तेवढं सांगितलं, तर काकूंना त्या दोघांमध्ये काडीचाही रस नाही, मार्गारेटचं पुढे काय झालं तेवढं हवंय. शुक्रवारपर्यंत निम्मं तरी व्हायला हवं.