तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सच्या भांडारात चॅटबॉट का नाही?

"ताई, तुमच्या लिनक्समध्ये सगळं फुकट मिळतं म्हणता, मग चॅटबॉट का नाही?" जळगावात मी कंप्युटरचा क्लास घेते, लोकांच्या जुन्या मशीनवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार; त्याचे प्रोग्राम त्याच्या ऑनलाइन भांडारातून फुकट उतरवता येतात) टाकून देते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कुणी घरच्या अहिराणीत विचारतं, "ताई, तुना लिनक्समा तो बॉट कोठे शे?"

शे ना, म्हणजे आहे ना! ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्राम उघडा, एस्केप दाबा, मग एक्स, आणि 'डॉक्टर' असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. समोर मानसोपचारतज्ज्ञ हजर. जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली एमआयटीतून जगापुढे ठेवलेल्या एलायझा या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामचा हा वंशज. तुमचंच वाक्य फिरवून तुम्हालाच प्रश्न करतो, बाकी त्याला काही येत नाही. तरी माझ्या क्लासमधला एक मुलगा त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत परीक्षेची भीती सांगत अर्धा तास बसला होता. आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या अड्ड्यावर पहारा देणारा बॉट एगड्रॉप तर 1993 पासूनचा, तोही भांडारात आहे. म्हणजे नुसतं 'बॉट' ऐकून डेबियनने कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही.

अडतं ते दुसरीकडे. 1997 साली डेबियनने एक सामाजिक करार केला. त्यातली मुख्य अट अशी की मुख्य विभागात येणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ सूचना, सोबत असला पाहिजे, तो बदलता आला पाहिजे आणि बदललेला पुढे वाटता आला पाहिजे. 2023 च्या बाराव्या आवृत्तीत 64 हजारांवर पॅकेजेस (प्रोग्राम वगैरेंचे बांधून ठेवलेले गठ्ठे) होती, ती बहुतेक याच अटीतून गेलेली. आता आजच्या चॅटबॉटचे दोन भाग करा. एक, मॉडेल (मजकुरावर शिकवलेली, उत्तरं तयार करणारी यंत्रणा) चालवणारं इंजिन. लामा सीपीपीसारखं इंजिन साध्या सीपीयूवर चालतं, त्याचा सगळा कोड उघडा आहे. ते भांडारात असावंच, त्यात वाद कसला? दुसरा भाग म्हणजे मॉडेलची 'वेट्स', अब्जावधी आकड्यांची फाइल. हे आकडे ज्या मजकुरावर शिकवून काढले तो मजकूर बहुतेक कंपन्या देत नाहीत. ऑल्मोसारखी मॉडेल्स देतात, पण ती मोजकीच.

रावेरच्या काकांना हे सांगत होते. त्यांची केळी टिश्यूची. मी म्हटलं, "काका, तुम्ही रोप विकत आणता, बाग वाढवता, पुढे त्याच झाडांच्या फुटव्यांवर पील बागही धरता. पण ते रोप लॅबमध्ये कसं निघालं, हे तुम्हाला करून पाहता येतं का?" काका म्हणाले, "मला करून पाहायचंय कशाला? घड चांगला पडला म्हणजे झालं. तू काय मला कंद लावायला सांगतेस?"

बोलणं बिनतोड होतं. वेट्सनाही थोडं वेगळं वळण लावता येतं, फाइन-ट्यूनिंग म्हणतात ते. आणि 2024 मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने केलेल्या 'ओपन सोर्स एआय'च्या व्याख्येतही सगळा मूळ मजकूर द्यायची सक्ती नाही, त्याची तपशीलवार माहिती दिली तरी चालते. डेबियनमध्ये 2025 साली यावर मतदान घ्यायचा प्रस्ताव आला, पण मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला. माझं मत मात्र ठरलेलं आहे. काकांनी टिश्यूच लावावी. फक्त तिला कुणी घरचं बेणं म्हणू नये, आणि घरच्या बेण्याच्या कोठारात ती ठेवू नये. वेट्सचंही तसंच: अटीत न बसणाऱ्यांसाठी डेबियनमध्ये नॉन-फ्री नावाचा वेगळा विभाग आहेच.

राहिले ते नुसते खिडकीसारखे प्रोग्राम: प्रश्न इथे टाइप करा, उत्तर कुठल्यातरी सर्व्हरवरून येणार. नियमात ते बसू शकतात. पण डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी बदलते, आणि पलीकडची कंपनी तिच्या मर्जीने. असाच एक प्रोग्राम मी क्लासच्या बारा मशीनवर बसवला होता. डेमोच्या आदल्या संध्याकाळी पलीकडे काहीतरी बदललं आणि बाराही मशीन मुकी झाली. तेव्हापासून ते मी टाकत नाही.

यावर लोक म्हणतात, अहो, पण वेट्स उघडून कोण बघणार आहे? तर ऐका. डेबियनमध्ये मराठी शुद्धलेखन तपासायला अ‍ॅस्पेलचा कोश आहे. तो म्हणजे अखेर शब्दांची यादीच. ती उघडून मी तिच्यात पऱ्हाटी (कपाशीचं झाड) हा शब्द घातला, कळणा (भाकरीचं पीठ) घातला, यादी पुन्हा बांधली. दुपारभराचं काम. आता ते शब्द लिहिले की खाली लाल रेघ येत नाही.

क्लासमध्ये 16 जीबी रॅमचं एकच मशीन आहे. त्यावर मी एक मॉडेलही उतरवून ठेवलंय, माझ्याच फोल्डरमध्ये. एपीटीला, म्हणजे डेबियनच्या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाला, त्याचा पत्ता नाही. नेट गेलं तरी चालतं, म्हणून मुलांना आवडतं. मराठीत विचारलं तर बरं बोलतं, अहिराणीत विचारलं की हिंदीवर उतरतं. परवा मुलांनी त्याला खान्देशी भरीत कसं करायचं ते विचारलं. वांगी गॅसवर भाजा म्हणाला, पऱ्हाट्यांच्या जाळाचं नावही नाही. पुढे शेंगदाणे नाहीत, कांद्याची पात नाही, आणि दोन टोमॅटो बारीक चिरून घाला! मुलं हसून लोळली. एकीने विचारलं, "ताई, हे टोमॅटो काढता येतील का याच्यातून?" मी फाइल उघडून दाखवली. चार जीबी, नुसते आकडे.