लाल खडकांचा दुसरा हंगाम: पॅनेल 27 ते 44

पहिल्या हंगामात बाहेर बसून तैलरंगात 26 पॅनेल, म्हणजे रंगवायच्या छोट्या पाट्या, झाली होती. इकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या बाजूला जून ते सप्टेंबर पारा दुपारी चाळिशीच्या आसपास असतो, त्यामुळे इझल (चित्राची घोडी) उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडून होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा बाहेर काढलं. तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आणखी 18 झाली. बहुतेक 8 बाय 10 इंची, काही 6 बाय 8. यातली सहा ठेवावीशी वाटतात. गेल्या वर्षी अशी दोनच होती. हा फरक कशाने पडला ते लिहून ठेवते, कारण तैलरंगात बाहेर काम करणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी या भागात राहत असेल किंवा येणार असेल तर उपयोग होईल.

माझी जागा ठरलेली आहे: लाल खडकांचं गाव सेडोना. घरापासून गाडीने सव्वादोन तास, उंची साधारण 1,320 मीटर, म्हणजे जवळपास महाबळेश्वराइतकी. इथले डोंगर थराथरांचे आहेत आणि ते थर ओळखता आले की रेखाटन निम्मं सोपं होतं. तळाशी गडद तपकिरी-लाल हर्मिट थर. त्यावर श्नेब्ली हिलचा नारिंगी-लाल वाळूचा दगड, साधारण 28 कोटी वर्षांपूर्वीचा. आणि सगळ्यात वर कोकोनिनोचा फिकट, ताकाच्या निवळीसारखा थर. मधल्या लाल थरातून फोर्ट अपाची चुनखडीची एक बारीक राखाडी पट्टी जाते. दोन-तीन मीटर जाडीचीच आहे, पण मैलोन् मैल दिसते. मी आता सगळ्यात आधी ती पट्टी आखते. दूरच्या आणि जवळच्या कड्यांवर ती कुठे येते ते नीट बसलं की उंचीची प्रमाणं आपोआप सांभाळली जातात.

27, 28, 29: बेल रॉक

बेल रॉक हा सेडोनाचा एक डोंगर. त्याची तिन्ही चित्रं टोमॅटोच्या सारासारखी लाल झाली. जागेवर असताना सुंदर वाटत होती. घरी भिंतीला लावल्यावर ऊन कुठेच दिसेना, सगळीकडे एकच लाल, आणि वर ते काळपटही.

काळपट होण्याचं कारण लगेच सापडलं. पॅनेल आणि पॅलेट दोन्हींवर थेट ऊन पडत होतं. उन्हात ठेवलेला रंग आहे त्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून आपला हात गडद मिसळत जातो आणि घरात आणल्यावर चित्र अंधारतं. 30 पासून पॅनेल कायम सावलीत, सूर्याकडे पाठ करून. छत्री लावलीच तर करड्या रंगाची. रंगीत छत्रीतून उतरणारा उजेड पॅलेटवरचा प्रत्येक रंग बदलून टाकतो.

दुसरं कारण सापडायला दोन महिने लागले. मी कोल्हापुरात जलरंगात वाढले. चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थाच्या काठी बसून काम करायचे, ते ऐकत रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर कागद भिजवले. आपल्याकडे हवेत दमटपणा असतो. पन्हाळ्यावरून पश्चिमेकडे बघितलं की पहिली रांग हिरवी, दुसरी निळसर, तिसरी नुसता धूर. दूर-जवळचं काम हवाच करून देते. वाळवंटात हवा इतकी कोरडी की सात-आठ किलोमीटरवरच्या कड्याची भेगसुद्धा स्वच्छ दिसते. मी दिसतंय तसं रंगवत होते, आणि दूरचा डोंगर जवळच्याच्या मांडीवर येऊन बसत होता.

आता मी दूरच्या लालमध्ये ठरवून थोडं पांढरं आणि अगदी नखभर अल्ट्रामरीन निळा घालते. डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा किंचित जास्तच. आणि दूरच्या भेगा काढायच्या नाहीत, दिसल्या तरी. हे मन मारूनच करावं लागतं.

सामानात काय बदललं

पांढरा रंग बदलला. साध्या टायटॅनियमऐवजी अल्किडचा, म्हणजे लवकर वाळणाऱ्या राळेचा, टायटॅनियम व्हाइट घेतला. पातळ थर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो. बाकी पॅलेट: यलो ऑकर, कॅडमियम यलो लाइट, कॅडमियम ऑरेंज, ट्रान्स्परंट रेड ऑक्साइड, कायम टिकणारा अ‍ॅलिझरिन (गडद किरमिजी), अल्ट्रामरीन, सेरुलियन. कॅडमियम रेड पेटीतून काढूनच टाकला. तो हाताशी असला की मी वापरते, आणि वापरला की बिघडतं.

पॅनेलला आधी बर्न्ट सिएन्नाचा हात मारायची सवय होती. लाल खडकाखाली लाल अस्तर असलं की कुठलाच लाल मोजता येत नाही. आता मध्यम करड्याचा हात देते. त्यावर ठेवलेला पहिला ठिपकाच सांगतो की रंग खूप भडक आहे का.

33: आईने पाहिलेला रंग

नोव्हेंबरात आई कोल्हापुराहून आली होती. तिला घेऊन रेड रॉक क्रॉसिंगला गेले. तिथून ओक क्रीक ओढ्यापलीकडे कॅथीड्रल रॉक समोर दिसतो, आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट त्याच्या तोंडावर येतं. ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळीधमक झाली होती. आईला घडीच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली, थर्मासातला चहा दिला. तीन वाजता सुरुवात केली. इथे नोव्हेंबरात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे हातात दोन तास आणि थोडा.

आई बराच वेळ गप्प होती. मी सावलीचा भाग लाल ऑक्साइडमध्ये काळपट निळा मिसळून भरत होते. मग ती म्हणाली, "अगं, तिथं लाल कुठं आहे?"

"सावली आहे ना आई, म्हणून गडद लाल."

"लाल नाहीच ते. वांगं आहे बघ. देठाजवळचं."

मी ब्रश खाली ठेवून पाहिलं. मधल्या दोन सुळक्यांच्या खाचेत खरंच जांभळा होता, वांग्याच्या सालीचा, आणि वरच्या अंगाला, जिथे दगड आभाळाकडे तोंड करून होता, तिथे त्यावर निळसर साय. मला खडक लाल आहे हे माहीत होतं, म्हणून मी सावलीतही लालच शोधत होते. आईला दगडाबद्दल काही माहीत नव्हतं, तिने सरळ रंग सांगितला. कारण सोपं आहे: उन्हातल्या बाजूला सूर्याचा पिवळट उजेड, सावलीच्या बाजूला फक्त आभाळाचा निळा उजेड. लाल दगडावर निळा उजेड पडला की जांभळट दिसणारच. वाचलेलं होतं हे सगळं. दिसलं मात्र त्या दिवशी.

खरडून काढलं आणि पुन्हा मिसळलं: अल्ट्रामरीन दोन भाग, अ‍ॅलिझरिन एक भाग, लाल ऑक्साइड चिमूटभर, आणि टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, योग्य पातळीवर आणण्यापुरतं पांढरं. ते सावलीत ठेवल्याबरोबर शेजारचा उन्हातला भाग पेटला. उन्हातल्या भागाला मी हात लावला नव्हता! तिथे होता नुसता पांढरा, ऑकर, थोडं ऑरेंज आणि लाल ऑक्साइड. पॅलेटवर बघाल तर पिकल्या पपईचा फिका रंग, लाल म्हणवणारच नाही.

डिसेंबर-जानेवारी: करड्या पट्ट्या

या महिन्यांत बाहेर तीनच पॅनेल झाली, कारण मी घरी बसून टोनच्या पट्ट्या केल्या. शून्य म्हणजे काळा आणि दहा म्हणजे पांढरा धरून अकरा चौकोन पुठ्ठ्यावर रंगवले, मधे भोकं पाडली, आणि तो पुठ्ठा जागेवर नेऊन भोकांतून डोंगर पाहिला. दुपारच्या उन्हातला खडक सहा ते सात. सावली साडेतीन ते चार. जुनिपरची झाडं दोन-अडीच. क्षितिजाजवळचं आभाळ आठ. माझ्या जुन्या चित्रांत उन्हातला खडक साडेचारवर होता! रंग भडक हवा म्हणून मी पांढरं घालत नव्हते, आणि त्यामुळे उजेडच नव्हता. जुन्या चित्रांचे फोनवर कृष्णधवल फोटो काढून पाहा, माझं म्हणणं एका मिनिटात पटेल.

जुनिपरच्या हिरव्याने फार छळलं. लाल दगडाला लागून असल्यामुळे ती झाडं आहेत त्यापेक्षा हिरवी भासतात. शेजारचे रंग एकमेकांना असे ढकलतात हे मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये मांडलं. गोबलँच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई बघताना त्याच्या ते ध्यानात आलं होतं. दिसतो तेवढा हिरवा भरला की झाड प्लॅस्टिकचं होतं. ऑकर, अल्ट्रामरीन आणि थोडा लाल ऑक्साइड मिसळून केलेला मेंदीच्या वाळल्या पाल्यासारखा करडा ठेवला की तोच चित्रात हिरवा होतो.

थंडीत नळीतला रंग लोण्यासारखा घट्ट होतो. अक्रोडाच्या तेलाचा एक थेंब पुरतो. दोन टाकले की रंग घसरायला लागतो.

39 ते 42: झायन, आणि वारा

मार्चमध्ये तीन दिवस शेजारच्या यूटा राज्यातल्या झायनला गेलो. सहा-साडेसहा तासांचा प्रवास. घड्याळ सांभाळा: मार्चमध्ये यूटात घड्याळं तासभर पुढे जातात, अ‍ॅरिझोनात जात नाहीत. पहिल्या सकाळी मी त्या एका तासामुळे उजेड हुकवला.

झायनची दरी अरुंद, दोन्ही बाजूंना नवाहो वाळूच्या दगडाचे 600 मीटरपर्यंतचे कडे. थेट ऊन तळाशी थोडेच तास पोचतं. म्हणून तिथल्या सावल्या सेडोनासारख्या वांग्याच्या नाहीत. समोरचा कडा उन्हात तापून नारिंगी होतो आणि तो उजेड अलीकडच्या सावलीतल्या कड्यावर उडवतो. पणती हाताच्या ओंजळीत धरली की बोटं आतून कशी दिसतात, तशी ती सावली दिसते. 40 व्या पॅनेलमध्ये हे रंगवायला गेले आणि तो भाग इतका उजळ केला की सावली राहिलीच नाही. 41 मध्ये टोन चारवरच ठेवला आणि फक्त रंग गरम केला: लाल ऑक्साइडमध्ये थोडं कॅडमियम ऑरेंज, पांढरं अजिबात नाही. जमलं. या हंगामातलं माझं सगळ्यात आवडतं चित्र तेच.

42 च्या वेळी पूर्वेकडच्या बाजूला, चेकरबोर्ड मेसा या डोंगराजवळ होते. छत्री इझललाच अडकवलेली. वाऱ्याचा एक झोत आला, छत्रीचं शीड झालं, आणि इझल, पॅलेट, पॅनेल सगळं तोंडावर वाळूत. ओल्या तैलरंगावर लाल वाळूचा थर बसला. अशा वेळी पुसायचं नाही. पुसलं की वाळू रंगात दळली जाते. मी पॅनेल तसंच पेटीत ठेवलं, तीन आठवडे सुकू दिलं, मग कोरड्या राठ ब्रशने झटकलं. बहुतेक वाळू गळून पडली. आभाळात काही कण राहिलेत, ते मी ठेवलेत.

तेव्हापासून इझलच्या मधल्या दांड्याला चार लिटर पाण्याचा कॅन लटकवते. वारा जास्त असेल तर गाडीतूनच रंगवते. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ न्यू मेक्सिकोत फोर्ड मॉडेल ए गाडीची पुढची सीट उलटी फिरवून मागच्या सीटवर कॅनव्हास टेकवायच्या. उन्हापासून आणि वाऱ्यापासून दोन्हींपासून आडोसा.

परतताना माउंट कार्मेलला थांबलो. चित्रकार मेनार्ड डिक्सन आणि त्यांच्या पत्नी ईडिथ हॅम्लिन यांनी 1939 मध्ये तिथे उन्हाळ्यासाठी घर बांधलं होतं. डिक्सन कड्यांचे मोठे सपाट आकार करतात आणि आत फारसं काही भरत नाहीत. त्या घराभोवतीचे डोंगर पाहिल्यावर कळतं की तिथला उजेडच दुपारी बारीकसारीक सगळं खाऊन टाकतो.

दोन गोष्टी जिवाच्या

तेलाने भिजलेल्या चिंध्या गाडीत गोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. इथल्या बंद गाडीत तर धोका आणखी. मी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाकते.

आणि इझल मांडताना पायाखाली बघा. वाळूवर जी काळपट, फुगीर, खडबडीत साय दिसते ती जिवंत असते: शेवाळ, दगडफूल, सूक्ष्म जिवाणू. मातीला तीच धरून ठेवते. एक पाऊल पडलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मी मळलेली वाट किंवा उघडा खडक सोडून कुठेही उभी राहत नाही, समोरचं दृश्य कितीही चांगलं असलं तरी.

43, 44

दोन्ही पुन्हा बेल रॉक, 27 होतं त्याच जागेवरून, त्याच वेळेला. तासाला सूर्य 15 अंश सरकतो, त्यामुळे मी आता पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखते आणि नंतर डोंगरावर सावली कितीही हलली तरी चित्रातली हलवत नाही. 44 मध्ये ऊन आहे. डाव्या अंगाची सावली अजून थोडी गरम हवी होती, तिथे जमिनीचा लाल उजेड वर येतो आणि मी तो पाहूनही निळाच ठेवला.

33 व्या पॅनेलला आईने हात लावून पाहिला होता, वाळलं का म्हणून. जानेवारीत जाताना ते तिने दोन साड्यांच्या मधे ठेवून नेलं. परवा व्हिडिओ कॉलवर दिसलं, स्वयंपाकघरात फडताळाच्या वर लावलंय. तिथे पूर्वेचं ऊन येतं. सकाळी साडेसातला सावलीतला जांभळा नीट दिसतो, असं तिने सांगितलं.

शनिवारी 45. श्नेब्ली हिलच्या रस्त्यावरून, दुपारी चारला.