माहेरची लाल, सासरची काळी

क्रोशा झाला, मॅक्रमे झालं, टेराकोटाचे दागिने झाले. सगळं हौसेने सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. त्यामुळे मी जलरंगांकडे वळले तेव्हा घरचे "सामान बेतानं आण" एवढंच म्हणाले. चित्रकला माझी जेमतेमच. पण ट्यूबमधला 'बर्न्ट सिएना' म्हणजे खरोखरच भाजलेली माती, हे कळलं आणि ब्रश राहिला बाजूला. म्हटलं, रंगच करून बघू.

जलरंगात असतं काय? रंगाची पूड आणि डिंक. वाण्याकडे जाताना कुठला डिंक हवा ते मात्र ठरवून जावं. डिंक कतीरा पाण्यात नुसता फुगतो. लाडवांचा धावड्याचा डिंकही पुरता विरघळत नाही. आपल्याला लागतो बाभळीच्या जातीचा. एक वाटी पूड, दोन वाट्या कढत पाणी, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. त्यात थोडा मध घातला की वाळलेला रंग तडकत नाही आणि ओल्या ब्रशला चटकन सुटतो. बुरशी धरू नये म्हणून दोन-चार थेंब लवंगेचं तेल. घरभर दाताच्या डॉक्टरांकडचा वास सुटतो, त्याला इलाज नाही.

पहिली माती अर्थातच माहेरची, राजापूरची. जांभ्याची माती ती, लोहामुळे लालभडक. पण नुसती कुटून भागत नाही, धुवावी लागते. बरणीत भरपूर पाणी घालून ढवळायची, दहा आकडे मोजायचे, तेवढ्यात जड रेती खाली बसते. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या बरणीत ओतायचं आणि हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी नितळलेलं असतं आणि तळाशी दाट सायीसारखा लाल थर. हे पुन्हा पुन्हा करायचं. बोटांत चोळल्यावर कण लागेनासा झाला की ताटलीत पसरून वाळवायची.

सासरचा मान राखायला बार्शीची काळी मातीही धुतली. शेतात डोळ्यांत भरणारी ही काळी कागदावर उतरली भुरकट करडी. शिवाय वाटीत वाळताना तिला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात रान चिरणारी चिकणमाती ती, वाटीत तरी वेगळं काय करणार? पावसाळी ढगांना ती छटा झकास बसते. नवऱ्याला मात्र मी तो 'काळा रंग' म्हणूनच दाखवते.

सगळ्यात मजा आली पिवडी, म्हणजे पिवळी माती, भाजताना. जुन्या लोखंडी तव्यावर चमचाभर पसरली आणि मोठ्या आचेवर हलवत राहिले. बराच वेळ काहीच होईना. मग कडेने बदामी झाली, तांबूस झाली आणि बघता बघता सगळी विटकरी. मातीतल्या लोहाशी बांधलेलं पाणी उडून जातं, म्हणून हा बदल. गरम असताना ती फार गडद दिसते, जळली की काय असं वाटतं, पण गार झाली की उजळते. तो तवा आता पोळ्यांना नाही.

घोटायचं काम कंटाळवाणं. जाड काच आणि सपाट बुडाचा काचेचा पेपरवेट, दोन्ही पॉलिश पेपरने खरखरीत करून घेतले. पूड आणि डिंकाचं पाणी गोल गोल घोटत राहायचं, करकर थांबेपर्यंत. मग कागदावर एक पट्टा ओढायचा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडलाय, पट्टा चकाकून तडकला तर जास्त झालाय. काजळी मात्र पाण्याला दादच देत नाही, वर तरंगत राहते. तिला आधी थेंबभर स्पिरिटने भिजवावं लागतं.

हळदीच्या नादी लागू नका. पहिल्या दिवशी सुरेख दिसते, पण खिडकीतल्या उन्हात टिकत नाही. निळ्याचंही अवघडच. केसांना लावायची नीळ म्हणजे पाल्याची भुकटी, तिचा इथे उपयोग नाही. चुन्यात घालायची कोरडी नीळ चालते, पातळ नीळ नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनाही गेरू, पिवडी, काजळी, चुना आणि हिरवी माती पुरली, निळ्यासाठी मात्र लाजवर्दाचा दगड लागला, तोही लांबून आणलेला. तेव्हा आपण निळी ट्यूब विकत आणली तर बिघडत नाही.

हे स्वस्तात पडतं का? डिंक, मध, गॅस आणि आपला वेळ धरला तर नाही. मातीचे रंग तेवढे घरी करण्यात अर्थ आहे, कारण राजापूरचा तो लाल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांत अनुक्रमे शिसं, पारा आणि आर्सेनिक असतं. साध्या गेरूची पूड चाळतानाही मी नाकाला फडकं नाही, चांगला मास्क लावते. आणि हा उद्योग दिवाळीनंतरच काढते, कारण पावसाळ्यात डोंबिवलीच्या हवेत वाट्या वाळतच नाहीत, मग लवंगेच्या तेलाचंही काही चालत नाही.