पोतंभर पानं

काल पानांचा ढीग उघडला. गेल्या पानगळीत रचलेला. वरचा थर अजून कुरकुरीत होता, पण कोपरापर्यंत हात घातला तेव्हा तळाशी ओलसर, मऊ, काळं काहीतरी लागलं. मूठ भरून बाहेर काढलं. पानाच्या शिरांची तेवढी जाळी उरली होती, तिच्यावर बुरशीचे पांढरे धागे होते, आणि उजेड लागताच पुन्हा आत शिरायला धडपडणारं एक गांडूळ. वास पहिल्या पावसात मातीला येतो तोच. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन तयार करतात, त्याचा तो वास असतो. हे माहीत असूनही दर वेळी मूठ नाकाशी नेल्याशिवाय मला राहवत नाही.

हा ढीग माझ्या चालण्यातून आला. 3 वर्षांपूर्वी मी कामावर चालत जायला लागले. त्याआधी त्याच रस्त्यावर गाडीतून धूर दिसायचा, काच वर केली की विषय संपायचा. चालताना तो घशात उतरतो. मग कळलं, जळतोय तो झाडाखालचा पालापाचोळा, तोही त्याच झाडाच्या बुंध्याशी. आणि बुंध्याभोवतीची माती सिमेंटने पार बंद करून टाकलेली. पान पडणार कुठे आणि कुजणार कुठे? मी भांडले. झाडणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे न्यायला गाडी येत नाही. मी कुठं टाकू, तुम्हीच सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन गेले.

त्या दिवसांत मला जॉन फ्रान्सिस यांची फार आठवण यायची. 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली, किनारे तेलाने माखले. या माणसाने मोटारीत बसणंच सोडलं, ते 22 वर्षं. पायी हिंडताना भेटेल तो वाद घाले, म्हणून पुढे बोलणंही थांबवलं. 17 वर्षं ते मौनात होते. त्याच काळात चालत अमेरिका ओलांडली, पीएच.डी. केली, आणि नंतर तेलगळतीचे नियम लिहायला अमेरिकेच्या तटरक्षक दलाने त्यांनाच घेतलं. मला यात सगळ्यात भावतं ते वाद थांबवून ऐकायला लागणं. मावशींचं मी ऐकलं नसतं तर आजही नुसती भांडत बसले असते.

बाग करणंही तसंच, नुसतं भांडत न बसता काहीतरी करणं. 1973 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी राडारोड्याने भरलेल्या एका पडीक जागेत माती आणून बाग केली. ती आजही आहे. मोकळी जागा वाचवायला मोर्चे, कोर्टकचेऱ्या लागतातच, त्यांना पर्याय नाही. पण मोर्चा संध्याकाळी घरी जातो. बाग जात नाही, तिला उद्याही पाणी लागतं, म्हणून तिथे रोज कुणीतरी येतं. जागा बळकावणाऱ्यांना या रोज येणाऱ्या माणसाचीच अडचण होते, असं माझं ठाम मत आहे.

पानाला कुजायला वर्ष लागतं, कधी जास्तच. काडी लावली तर दहा मिनिटं. मी वर्ष निवडलं आहे, आणि ते निवडताना मला राग येतच असतो. हळू चालते म्हणजे राग निवला, असं नाही.

आज सकाळी थोडं खत कागदात बांधून मावशींना दाखवायला नेलं. त्यांनी चिमूट घेऊन हुंगलं, बोटांत चोळलं. "ही आपलीच पानं?" मी हो म्हटलं. त्यांनी पुडी झाडाशी नेली, सिमेंटला जिथे बोटभर चीर पडली आहे तिथे ओतली, आणि केरसुणीच्या टोकाने आत सारली. सिमेंट फोडून द्या, असा अर्ज मी तिसऱ्यांदा दिला आहे. या वेळी खाली त्यांचीही सही आहे.