गालावरची गळती

जानेवारीत मुंबईतली भिंत हाताला ओली लागली, तर समजावं, पाणी आभाळातलं नव्हे, घरातलं आहे. भित्तिचित्रांचे महोत्सव पावसाळा उलटून गेल्यावरच भरतात ते याचसाठी. प्लास्टर सुकलेलं असतं, रंग धरतो आणि भर दुपारीही परांचीवर माणूस उभा राहू शकतो. आमची भिंत लालबागमधल्या एका जुन्या पाच मजली इमारतीची होती. बिनखिडक्यांची, उड्डाणपुलावरून बसमधल्या माणसालाही दिसेल अशी. सगळी ठणठणीत कोरडी. फक्त तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पाटाएवढा ओलसर डाग. मूठ आपटली की इतरत्र ठण् वाजायचं, तिथे बद्द.

मी पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती खडूने गोल काढला आणि आयोजकांच्या पोराला दाखवला. तो म्हणाला, "काका, तिथे प्रायमरचे दोन हात जास्त मारू." उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. ओल्या भिंतीवर कितीही हात मारा, पाणी मागून येतं तेव्हा रंग पुढे फुगतो. पण पेंटरचं कोण ऐकतो?

मी मूळचा बोर्डपेंटर. हात बसला तो सिनेमाच्या बॅनरवर, पोट भरलं ते दुकानांच्या पाट्यांवर. फ्लेक्स आला आणि आमच्यातले बरेचजण घरं रंगवायला लागले, काही वॉचमन झाले. मग ही भिंतींची टूम निघाली. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले. रणजित दहिया आणि त्यांच्या साथीदारांचं ते काम. बसमधून पाहिलं तेव्हा आधी मनात हिशोब आला की डोळा केवढ्या चौकटीत बसवला असेल. २०१७ च्या शेवटी ससून डॉकच्या गोदामांत अशाच मंडळींनी प्रदर्शन भरवलं. १८७५ ची ती गोदी. कोळणींचे चेहरे भिंतींवर आणि वास मात्र खऱ्या कोळंबीचा. या नव्या लोकांत हनीफ कुरेशी म्हणून एक होते, २०२४ मध्ये गेले. त्यांनी देशभरातल्या बोर्डपेंटरांची अक्षरं जमवून कॉम्प्युटरवर चढवली आणि खाली पेंटरचं नाव ठेवलं. त्यांची-माझी ओळख नव्हती. पण या धंद्यात आमचं नाव कुणी ठेवत नाही, म्हणून हे लक्षात राहिलं.

असो. आमच्या भिंतीची चित्रकार मुलगी बडोद्याची, घरात मराठी बोलणारी. तिचं मराठी ऐकायला गोड, मधूनच 'पण' ऐवजी 'पन छे ना' यायचं. तिने काढायला घेतली होती खानावळवाली. गिरणगावात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेली माणसं एकेका खोलीत दहा-दहा, पाळीपाळीने झोपायची, आणि महिन्याच्या उधारीवर त्यांना जेवू घालणाऱ्या बायका याच चाळींत असायच्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पगार थांबले. मग उधारीचं काय झालं असेल ते सांगायला नको.

चित्र भिंतीवर चढवायची तिची रीत वेगळी. आम्ही सूत मारून चौकटी आखायचो. तिने भिंतभर वाटेल त्या खुणा केल्या, कुठे मासा, कुठे 'क्ष', कुठे फुली. मग समोरच्या गच्चीवरून फोटो काढला आणि फोनमध्ये त्या खुणांवर आपलं स्केच बसवलं. पुढे परांचीवर उभं राहून फोनमध्ये पाहायचं: नाकपुडी माशाच्या शेपटीपाशी, ओठ 'क्ष'च्या खाली. मला आधी हसू आलं, मग पटलं. बांबूंच्या जाळीतून सरळ सूत मारणं म्हणजे शिक्षाच.

माझा खडूचा गोल आला नेमका बाईच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या कोपऱ्याखाली.

चेहरा पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठला पोचलो, तर खाली पंधरा-वीस माणसं फोन वर करून उभी. डोळ्याच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत पाण्याची काळपट धार उतरली होती. बाई रडत होती, दुसरं काही म्हणता आलं नसतं. एक जुने गिरणी कामगार टोपी काढून हातात घेऊन उभे होते. मला म्हणाले, "अठरा तारीख जवळ आली ना. बरोबर दाखवलंत." एक कॉलेजचा मुलगा मैत्रिणीला सांगत होता की रंगच असा वापरलाय, ऊन चढलं की अश्रू सुकतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. आणि खरंच, साडेदहापर्यंत धार फिकी झाली. मंडळी खूश.

मी घड्याळ बघत होतो. इमारतीत नळाला पाणी पहाटे साडेपाच ते साडेसात. म्हणजे बाई नळाच्या वेळेवर रडत होती.

तिसऱ्या मजल्यावर गेलो. गालाच्या मागे मावशींची मोरी. मावशींनी मला आत घेतलं आणि तक्रार ऐकवायला सुरुवात केली ती थेट सात वर्षांपूर्वीपासून. गळती वरून, चौथ्या मजल्यावरून, भिंतीच्या पोटातून उतरते. मोरीतलं प्लास्टर दोनदा बदललं, लोणा परत फुटतो. चौथ्यावरचे काका म्हणतात, माझी मोरी कोरडी, तुमचीच फुटली असेल. सोसायटी म्हणते, इमारत रिडेव्हलपमेंटला जायचीय, आता कशाला खर्च? हे 'जायचीय' मुंबईत पंधरा वर्षंही चालतं. तोवर पाणी थांबत नाही.

"भांडून भांडून मी गप्प बसले," मावशी म्हणाल्या. "आता तुमची बाई रडायला लागली तर सगळे बघायला आले."

खाली आलो तर मुलगी वेगळ्याच तंद्रीत. तिला आयोजकांचे फोनवर फोन येत होते. फोटो फिरत होता, एका पेपरवाल्याने विचारणा केली होती. ती म्हणाली, "काका, हे ठेवू या ना. आपण ठरवूनही असं करू शकलो नसतो."

मी म्हटलं, "पोरी, हा अश्रू ठेवलास तर पहिल्या पावसात गाल पडेल. नुसता रंग नाही, प्लास्टरसकट. खाली पोरं क्रिकेट खेळतात."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "पन पाणी कुठून येतं ते तरी नक्की आहे का?"

हे तिने बरोबर विचारलं. भांडण तिथेच अडलं होतं. मी म्हटलं, आपण रंगवाले, आपल्याला शोधायला काय लागतं? डब्यात निळा स्टेनर होता, रंगात छटा आणायला मिसळतो तो. एक बाटली घेऊन सेक्रेटरींना बरोबर घेतलं आणि चौथ्या मजल्याचं दार वाजवलं. काका बनियनवर, हातात पेपर. आधी तयार होईनात. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तुमची मोरी कोरडी आहे ना? मग घाबरता कशाला?" काकांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. मोरीच्या जाळीचं तोंड फडक्याने बंद केलं, दोन बादल्या पाणी भरलं, त्यात स्टेनर ओतला. नीळ टाकल्यासारखं गडद निळं झालं. अर्धा तास तसंच ठेवलं, मग सोडून दिलं.

त्या अर्ध्या तासात काकांनी आम्हाला चहा पाजला, हे नमूद करायला हवं. मोरीवरून शब्द नाही. संपात ते कुठे होते, गिरणीत कोणत्या खात्यात होते, कोण कुणाकडे जेवायला होतं, हेच बोलत राहिले. त्यांचं जेवणही दोन चाळी सोडून एका बाईंकडे होतं. किती महिन्यांचे पैसे थकले होते ते आठवत नाही म्हणाले, पण पुरे दिले नव्हते हे आठवतं.

दुपारी जेवून परांचीवर चढलो तेव्हा काही नव्हतं. चारच्या सुमाराला खालून आरडाओरडा झाला. गालावर डोळ्याच्या कोपऱ्यातून निळी रेघ फुटली होती. आधी धाग्याएवढी, मग बोटाएवढी, संथ खाली येत होती. लोक शिट्ट्या मारायला लागले. उड्डाणपुलावरही दुचाक्या थांबल्या आणि ट्रॅफिक पोलिसाला पळावं लागलं. सकाळची माणसं परत जमली. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. एकाने मला विचारलं, "निळा म्हणजे कामगार की दलित पँथर?" मी म्हटलं, "चौथा मजला."

मावशी खाली उतरल्या. पदर डोक्यावर घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेल्या आणि तिथून भिंत पाहिली. इतकी वर्षं त्या भिंतीच्या आतल्या बाजूला राहत होत्या. बाहेरून निवांत कधी पाहिली असेल कुणास ठाऊक. चौथ्यावरचे काकाही आले, पेपर अजून हातात. दोघं हातभर अंतरावर उभी. काका म्हणाले, "पाइपच जुना आहे, माझी मोरी काही..." मावशींनी नुसतं बोट वर केलं. काका थांबले.

आयोजकांचा पोरगा धावत आला आणि म्हणाला, निळी रेघ कायम ठेवायचीच, आता लोकांचीच तशी इच्छा आहे. चित्रकार मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला तिची दया आली. तिच्या चित्राला एवढी गर्दी परत मिळेल न मिळेल. पण ती स्वतःच मावशींकडे गेली आणि विचारलं, "तुम्ही सांगा, ठेवू का?"

मावशी म्हणाल्या, "बाई, पाणी बंद कर आणि तिला हसव."

हसवणं काही झालं नाही. ओठ रंगवून झाले होते आणि मुलीला ते बदलायचे नव्हते, तेही बरोबरच. पण प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला. इतकी वर्षं ज्याला मुहूर्त मिळत नव्हता ते काम, पेपरवाला येणार म्हटल्यावर एका रात्रीत ठरलं. मोरीचा नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं, भिंतीच्या कडेला तडकलेला निघाला. खर्च निम्मा सोसायटीने, निम्मा काकांनी दिला. काका आजही म्हणतात, पाइप जुना होता.

आम्ही गाल विटांपर्यंत खरवडला, नवं प्लास्टर चढवलं. उद्घाटन झालं तेव्हा बाईच्या गालावर सिमेंटचा करडा तुकडा होता आणि भाषण करणाऱ्याने त्याचाही काही अर्थ सांगितला. मुलगी बडोद्याला गेली. जाताना तिने गालाच्या चार छटा छोट्या डब्यांत भरून प्रत्येकीवर आकडा टाकून दिला. प्लास्टर मुरल्यावर मी एकट्याने गाल भरला. तो रंग जुळवताना मला जरा घाम फुटला, पण पुलावरून सांधा दिसत नाही.

शेवटचा हात मारून परांची सोडत होतो तेव्हा सेक्रेटरी आले. म्हणाले, "पेंटर, मागच्या बाजूच्या भिंतीवरही एखादा चेहरा काढा ना. तिकडे दुसऱ्या मजल्याची गळती आहे."

मी म्हटलं, स्टेनरची बाटली शंभर-दीडशेला मिळते, चेहरा कशाला?

"नुसत्या बाटलीने कोण ऐकतंय," ते म्हणाले आणि मला भिंत दाखवायला घेऊन गेले.