गंज पत्र्याचा नव्हताच

कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला असलेल्या एका काकांची पांढरी सेडान माझ्याकडे वॅक्ससाठी आली. दिवाळी तोंडावर, त्यात ऑक्टोबरचं ऊन. काका म्हणाले, "एकदा चमकवून द्या, मग विकूनच टाकतो. पत्रा आतून सडलाय." बॉनेट, टप आणि डिकीवर मोहरीपेक्षाही बारीक नारिंगी ठिपके होते. नुकताच पुढचा बंपर रंगवून देणाऱ्या गॅरेजने त्यांना सांगितलं होतं, की अख्खी गाडी घासून रंग मारावा लागेल.

मी त्यांना मागच्या बंपरकडे नेलं. तिथेही तेच ठिपके. आरशांच्या कव्हरवर आणि मागच्या काचेवरसुद्धा. "काका, हा बंपर प्लॅस्टिकचा. आतून गंज येत असता तर प्लॅस्टिकवर आणि काचेवर कुठून आला असता?" पुढचा बंपर मात्र स्वच्छ, कारण त्याचा रंग जेमतेम दोन आठवड्यांचा.

प्लेट कापताना ग्राइंडरच्या ज्या ठिणग्या उडतात ते तापलेल्या लोखंडाचे कण असतात. ते क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पडून रुततात. कोरड्या दिवसांत नजरेत येत नाहीत. पावसाळ्यात ओल मिळाली की गंजतात आणि डाग कणाभोवती पसरतो. रेल्वेमार्गाला लागून उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरही हाच प्रकार, कारण ब्रेकची आणि रुळांची झीज शेवटी लोखंडाचीच. काळ्या गाडीवर दिसत नाही एवढंच. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवा, खरखर लगेच कळते. यावर थेट वॅक्स लावलं तर कण खालीच राहतात, गंजत राहतात, आणि लावतानाच स्पंजखाली ओढले जाऊन ओरखडे पाडतात.

बॉनेट हाताला थंड लागेपर्यंत गाडी सावलीत ठेवली. आधी चाकं, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. मग प्रेशरने नुसतं पाणी, त्यावर फोम, पाचेक मिनिटांनी धुऊन टाकला. तो सुकू द्यायचा नाही. हात लावायची वेळ त्यानंतर येते. दोन बादल्या: एकीत पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, टपावरून खाली, सरळ रेषेत, आणि प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. सोसायटीत एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, तिथले गोल गोल ओरखडे या एका चुकीचे असतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पॅनेल धुतलं की लगेच टिपून घ्यावं, नाहीतर क्षारांचे डाग बसतात आणि ते काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

मग आयर्न रिमूव्हर. त्यातलं थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाला पकडून पाण्यात विरघळवतं आणि त्याचा रंग जांभळा होतो. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये हेच असतं, वासही तसाच कुजका. हातमोजे घालायचे आणि जागा मोकळी हवी. बॉनेटवर फवारल्यावर मिनिटभरात प्रत्येक ठिपक्यातून जांभळी धार उतरली. काका मोबाइल काढून शूटिंग करत बसले. तीन ते पाच मिनिटं, सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. टपावर आणि बॉनेटवर दुसरा हात द्यावा लागला. ठिपका हट्टी आहे म्हणून रिमूव्हर जास्त वेळ ठेवण्यापेक्षा धुऊन पुन्हा मारलेला बरा.

दारांच्या खालच्या भागात डांबराचे थेंब होते. डांबराचं रिमूव्हर सॉल्व्हंटचं असतं, ओल्या पॅनेलवर पाणी त्याला खाली पोचू देत नाही. म्हणून तेवढा भाग कोरडा केला, कापडाने लावलं, थेंब सुटले की पुसून परत शाम्पू. रॉकेलनेही डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि वॅक्स धरत नाही.

क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, यानंतरच. उलट क्रमाने केलं तर क्ले तेच लोखंडाचे कण उचलून सगळीकडे फिरवतो. २०० ग्रॅमच्या वडीतला पाव तुकडा, तीन बोटांएवढा चपटा, बारीक ग्रेडचा. पॅनेल शाम्पूच्या पाण्याने निथळतं ठेवायचं, दाब नाही, रेषा सरळ. आधी क्ले अडखळतो, आवाजही येतो. आवाज थांबला की तिथलं काम झालं. तुकडा दुमडून स्वच्छ बाजू वर काढत राहायची. जमिनीवर पडला की फेकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही.

टॉर्चच्या उजेडात पाहिलं तेव्हा ठिपके गेले होते, पण टपावर काही ठिकाणी सुईच्या टोकाएवढे खड्डे उरले. रंगाची जाडी मोजणारं मीटर टपावर १०५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, उजव्या दारावर २३०, म्हणजे दार कधीतरी रंगवलेलं. १०५ मध्ये सगळे थर आले. त्यातला क्लिअर कोट साधारण ४०. खड्डे घालवायला तो घासण्यात शहाणपण नाही. क्लेने पडलेल्या फिकट रेघांपुरतं मऊ पॅडने फिनिशिंग पॉलिश केलं आणि तिथेच थांबलो. पॉलिशचं तेल उतरवायला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार भाग पाणी, दोन मायक्रोफायबर कापडं.

वॅक्सचं विशेष काही नाही. जितकं पातळ तितकं चांगलं. काळ्या प्लॅस्टिकवर लागू द्यायचं नाही, पांढरे डाग निघता निघत नाहीत.

पुढच्या बंपरला मात्र लावलं नाही. नव्या रंगातलं सॉल्व्हंट उडायला, भट्टीत सुकवला की नाही यावर, ३० ते ९० दिवस द्यावे लागतात. काकांना ते पटेना. "पैसे तर सगळ्या गाडीचे घेताय!" बंपरचे वजा केले आणि जानेवारीत यायला सांगितलं. पार्किंग बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, पण गाडी कटिंगच्या शेडपासून दोन रांगा लांब लावता येत होती.