लाल कुठली ते नको सांगू

‘काका, ती लाल उजवीकडे सरकवा ना.’ ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजारचे काका कँडी क्रशमध्ये अडकले होते, मला राहवलं नाही.

‘लाल कुठली ते नको सांगू बाळा. राजम्यासारखी की चौकोनी, ते सांग. मला लाल-हिरवं सारखंच दिसतं.’

ऐरोली येईपर्यंत मी त्यांच्या स्क्रीनकडेच बघत होते. लाल गोळी राजम्यासारखी, हिरवी चौकोनी, निळी गोल, पिवळी थेंबासारखी. 2012 पासूनचा हा गेम, मीही कितीदा खेळलेय. पण प्रत्येक रंगाला स्वतःचा आकार आहे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. काका तर रंगांकडे बघतच नव्हते. बोटं सराईतपणे फिरत होती.

फार बरं वाटलं मला. कुणीतरी हा विचार केलाय!

मग एकेक आठवत गेलं. मॉलच्या पार्किंगमधला दिवा: जागा रिकामी तर हिरवा, भरलेली तर लाल. चार्जरचा इवलासा दिवाही तसाच. सिग्नलला निदान लाल वर आणि हिरवा खाली असतो. ऑफिसच्या एक्सेलमध्ये तर नुसते रंगवलेले रकाने, शब्द एकही नाही. ते मी उद्यापासून बदलणार आहे.

रंगांधळेपणा पुरुषांमध्ये जास्त आढळतो, बरेचजण बोलून दाखवत नाहीत. तुमच्या घरी आहे कुणी? त्यांना रोज कुठे अडतं?